काशीला निघालेला मुलगा

मी गेली एकोणीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या मुलांना भूगोल शिकवते. आवारात विद्यार्थ्यांच्या दुचाकींना मनाई आहे. त्यामुळे दोन गल्ल्या सोडून, बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीसमोर, रोज सकाळी तीस-चाळीस गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. त्या चालवत येणाऱ्या मुलांचे वय सोळा-सतरा असते आणि परवाना जवळजवळ कोणाकडेच नसतो. ज्यांच्या घरी हेल्मेट आहे तेही ते घरीच ठेवून येतात, कारण हेल्मेट हातात दिसले की गाडी आणल्याचे उघड होते. ही गोष्ट पालकांना ठाऊक आहे, आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे, गिरणीच्या मालकाला आणि चौकातल्या हवालदारालाही ठाऊक आहे. मोठे होण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आपण सगळे मिळून पहिली गोष्ट शिकवतो ती लपवाछपवीची, आणि तिच्यापायी त्याच्या डोक्यावरचे हेल्मेटही काढून घेतो.

या वयाच्या मुलाला रस्त्याची ओढ वाटते ती रास्त आहे, असे मी मानते. ती दाबून टाकणे आणि ती चोरून भागवू देणे, हे दोन्ही मार्ग आपण पुरेसे वापरून पाहिले आहेत आणि दोन्हींची किंमत मुलांनीच मोजली आहे. त्या ओढीला पायऱ्या बांधून द्याव्यात, आणि त्या पायऱ्यांच्या शेवटी घरापासून दूरचा, खडतर, स्वतःच्या जबाबदारीवर करायचा एक प्रवास असावा, जो आईवडिलांनी पूर्ण जाणीवपूर्वक करू द्यावा, असे माझे मत आहे. हे मत केवळ वर्गात उभे राहून बनलेले नाही. माझ्या दोन मुलांनी, थोरला एकोणीस वर्षांचा आणि धाकटा सोळा वर्षांचा असताना, जूनच्या उत्तरार्धात एकाच मोटारसायकलवरून हिमाचल प्रदेशातील किन्नौर आणि स्पितीचा प्रवास केला. थोरल्याकडे परवाना होता आणि तोच गाडी चालवत होता, धाकटा पूर्णवेळ मागे बसला होता. आम्ही दोघे आईवडील घरी होतो. त्या प्रवासाबद्दल मला पुष्कळांनी नावे ठेवली, आणि त्यांपैकी काहींचे आक्षेप मला आजही निरुत्तर करतात, म्हणून हा विषय नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी कायद्याकडे पाहू. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, सतरा वर्षांचा मुलगा ती मोटार चालवत असल्याचे पोलिसांनी सांगितले आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्यच होता. पण त्या आठवड्यातही गिरणीसमोरच्या गाड्यांची संख्या कमी झाली नाही, हे मी पाहिले आहे. कठोर कलम कागदावर असणे आणि मुलाने त्या वयात काय करावे याचे उत्तर समाजाजवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीच्या बाबतीत आपली पाटी कोरी आहे.

ती नेहमीच कोरी होती असे नाही. याच कायद्यात आजही सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला 50 सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवण्याची मुभा आहे. ही एक पायरी होती. माझ्या पिढीतील अनेकांनी तिच्यावरच पाय ठेवून सुरुवात केली. लूना ही आपल्याच मातीतली गाडी; पायडल मारून सुरू व्हायची, चढावर दम टाकायची, आणि तिच्यावर बसलेल्या मुलाला कितीही वाटले तरी ती जीवघेण्या वेगाने पळू शकत नव्हती. पुढे 50 सीसीची वाहने बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली, घराघरांत 110 आणि 125 सीसीच्या स्कूटर आल्या, आणि कायद्यातील ती पायरी पुस्तकात राहून रस्त्यावरून पुसली गेली. आज सोळा वर्षांच्या मुलासमोर काहीच नाही आणि अठरा वर्षांच्या मुलासमोर सगळे आहे. अठरावा वाढदिवस झाला की शिकाऊ परवाना मिळतो, तीस दिवसांनंतर परीक्षा देता येते, आरटीओच्या मैदानावर पाय न टेकवता इंग्रजी आठचा आकडा काढला की पक्का परवाना हाती येतो, आणि तो परवाना 100 सीसीच्या गाडीलाही चालतो नि 1000 सीसीच्या गाडीलाही.

ज्या देशांनी या प्रश्नाचा विचार केला आहे, तिथे याला टप्पे आहेत. युरोपातील अनेक देशांत सोळाव्या वर्षी 125 सीसीपर्यंतची गाडी, अठराव्या वर्षी 35 किलोवॅट ताकदीपर्यंतची, आणि तिच्यावर दोन वर्षे काढल्यानंतर हवी ती, असा क्रम आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीस वर्षांखालील शिकाऊ मोटारचालकाने अनुभवी माणसाला शेजारी बसवून 120 तास गाडी चालवल्याची नोंद करायची असते, आणि त्यांतले 20 तास रात्रीचे असावे लागतात. आपल्याकडे गिर्यारोहणासाठी ही दृष्टी फार पूर्वी आली. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 सालची, उत्तरकाशीची नेहरू संस्था 1965 सालची, आणि त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रमही अठ्ठावीस दिवसांचा असतो. दोर कसा बांधायचा, पडताना कसे पडायचे आणि शिखर समोर दिसत असताना परत कधी फिरायचे, हे तिथे शिकवतात. पर्वतावर जाणारी मुले मूठभर, रस्त्यावर जाणारी कोट्यवधी. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांतील 44.5 टक्के दुचाकीवरची होती. तरीही मूठभरांसाठी अठ्ठावीस दिवसांचे शिक्षण आणि कोट्यवधींसाठी आठचा आकडा, ही विषमता आपल्याला खुपत नाही.

आता प्रवासाकडे येते. अनेकांना वाटते की मुलांनी दूर रानावनात, डोंगरदऱ्यांत गाड्या घेऊन जाणे हे हल्लीचे, बाहेरून आलेले खूळ आहे. वाहन बाहेरचे असेल, प्रवास नव्हे. ज्या कथेवर महाराष्ट्राचे मन पोसले आहे, ती कथा पोरसवदा भावंडांच्या प्रवासाचीच आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि वाट चुकलेला निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, असे परंपरा सांगते. रानात हरवलेला मुलगा परत आला तो धाकट्या भावाचा गुरू होऊन. पुढे आईवडिलांचे छत्र गेल्यावर ही चार भावंडे आळंदीहून पैठणला पायी गेली आणि तिथून नेवाशाला आली. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, तिथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि परंपरेने मानलेल्या जन्मशकांनुसार निवृत्ती तेव्हा सतरा वर्षांचा, ज्ञानदेव पंधरा, सोपान तेरा आणि मुक्ता अकरा वर्षांची होती. संतांची तुलना आपल्या मुलांशी करावी असे मी सुचवत नाही. मात्र या कथेत मोठे होणे घरात बसून घडत नाही आणि एकट्यानेही घडत नाही, एवढे तरी आपण वाचायला हवे.

या प्रवासाचे आपण पुढे काय केले, ते सोडमुंजीत दिसते. मुलगा छत्री, काठी घेऊन काशीला निघतो. चार पावले जातो न जातो तोच मामा पुढे होतो, माझी मुलगी देतो म्हणतो आणि त्याला परत आणतो; मंडळी हसतात आणि जेवायला बसतात. एके काळी या वयाचा मुलगा खरोखरच घर सोडत असे, बारा-बारा वर्षे दूर राहत असे, याची ही आठवण आहे. आपण आठवण तेवढी जपली आणि प्रवास मांडवाच्या दारात आटोपला. आजही आपण मुलांच्या बाबतीत तेच करतो. त्याच्या हातात प्रवासाचे सामान देतो, चार पावले जाऊ देतो, आणि लगेच कुणीतरी मामा होऊन त्याला शिकवणीच्या वर्गाकडे वळवतो.

दुसरी एक गोष्ट मी माझ्या मुलांना लहानपणी सांगत असे, ती अमेरिकेतील ओक्लाहोमाची आहे. लुई आणि टेंपल ॲबरनाथी हे दोन सख्खे भाऊ 1909 साली, एक नऊ वर्षांचा आणि एक पाच, घोड्यांवरून दूरच्या सांता फे या गावी जाऊन परत आले. पुढच्या वर्षी ते न्यू यॉर्कला गेले. 1911 मध्ये घोड्यांवरून न्यू यॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला साठ दिवसांत पोहोचण्याची पैज त्यांनी घेतली आणि बासष्ट दिवस लागल्याने ती हरले. 1913 मध्ये मात्र त्यांनी मोटारसायकल घेतली आणि सावत्र भावाला बरोबर घेऊन पुन्हा न्यू यॉर्क गाठले. इतक्या लहान मुलांना असे सोडणाऱ्या बापाचे समर्थन मी करणार नाही. आज कोणी तसे केले तर मी स्वतः तक्रार करीन. पण त्या बापाने घातलेले नियम मला फार मोलाचे वाटतात. एका दिवसात पन्नास मैलांहून अधिक जायचे नाही. रविवारी प्रवास करायचा नाही. खिशात पाच डॉलरपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. आणि ज्या ओढ्याचा तळ दिसत नाही, तो वाटाड्या बरोबर असल्याशिवाय ओलांडायचा नाही. बापाने जिंकायला सांगितले नव्हते, थांबायचे कुठे ते सांगितले होते. आमच्या घरात ओढ्याचा नियम म्हणीसारखा वापरला जाई. बाजारात एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तरी धाकटा म्हणायचा, ‘आई, तळ दिसत नाही.’

मुलांनी स्पितीचा विषय काढला तेव्हा माझ्या यजमानांनी अट घातली की आधी गाडी समजून घ्या. गाडी त्यांचीच, अकरा वर्षे वापरलेली, 150 सीसीची. नवी मोठी गाडी घेऊन देणे आम्हाला परवडलेही नसते आणि ते मला योग्यही वाटत नव्हते. दोघे मार्चपासून जूनपर्यंत आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे रोज संध्याकाळी दोन तास बसले. धाकट्याची दहावीची परीक्षा आटोपल्यावर तो तर सकाळीही जाऊ लागला. टायर लिव्हरने टायर उचकटून ट्यूब बाहेर काढणे, पंक्चर काढणे, क्लचची केबल बदलणे, चेन किती ताणायची, प्लग काळा पडला म्हणजे काय आणि पांढरा पडला म्हणजे काय, हे सगळे ते शिकले. उंचीवर हवा विरळ होते, कार्ब्युरेटर मात्र तेवढेच पेट्रोल सोडत राहतो, म्हणून गाडी गुदमरते आणि तिची ताकद कमी होते, ही गोष्ट मी वर्गात हवेचा दाब शिकवताना कधी सांगितली नव्हती; ती मला धाकट्याने सांगितली. त्या तीन महिन्यांत मुलांच्या नखांतले काळे ऑइल कधी पूर्ण निघाले नाही. शिक्षणाचे इतके स्पष्ट चिन्ह मी वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या हातावर पाहिलेले नाही.

वाट कोणती घ्यायची हे ठरवताना माझा विषय कामी आला. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे काझ्याला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाला, एका दिवसात पोहोचता येते, आणि पुष्कळ मुले तसेच करतात. मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे आणि कुंझुम साडेचार हजार मीटरवर. एका दिवसात अडीच हजार मीटर चढलेल्या शरीराला त्या हवेची सवय करून घ्यायला वेळच मिळत नाही. सिमल्याकडून गेले तर कल्पा, नाको, ताबो, काझा अशी उंची एकंदरीत हळूहळू वाढते, आणि कुंझुम शेवटी येते. लांबची पण शहाणपणाची ही वाट आम्ही निवडली. पेट्रोलची टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून गाडी रेल्वेच्या पार्सलने चंदीगडला गेली, आणि मुले तिच्यामागोमाग गेली. स्थानकावर मी रडले नाही. घरी आल्यावर, दोन ताटे कमी मांडताना रडले.

ताबोला ते दोन दिवस राहिले. 996 साली स्थापन झालेला तिथला मठ पाहायला ते गेले होते, पण त्यांनी मला सांगितले ते मटारच्या वाफ्यांबद्दल. स्पिती हे पर्जन्यछायेतले शीत वाळवंट आहे. तिथे पिकते ते वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, आणि ते पाणी कुहल नावाच्या पाटांतून गावाच्या पाळीने शेतात येते. ज्या घरी मुले उतरली होती, त्या घराची पाळी पहाटेची होती. घरधनीण एकटी होती, म्हणून दोघे तिच्याबरोबर कुदळ घेऊन गेले आणि वाफ्यांची तोंडे उघडत-बंद करत राहिले. परत आल्यावर धाकटा आंघोळीला एक बादली पाणी घेतो. त्याला कोणी सांगितलेले नाही.

चूक घडली ती काझ्यात. काझ्याला पोहोचले त्याच दिवशी, विश्रांतीचा ठरलेला दिवस मोडून, ते हिक्कीम आणि कोमिक ही गावे पाहायला आणखी वर गेले. रात्री थोरल्याचे डोके असह्य दुखू लागले आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. थोरला सगळा वेळ म्हणत होता की सकाळपर्यंत बरे वाटेल. धाकट्याने ऐकले नाही. त्याने घरमालकाला उठवले, गाडीची सोय केली, भावाला रुग्णालयात नेले, आणि पुढचे दोन दिवस तिथेच राहायचे असे ठरवून टाकले. थोरल्याला बरे वाटेपर्यंत पैसे, औषधे, खोली सगळे सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात होते. मला हे तीन आठवड्यांनी कळले. मी रागावले, आणि माझा राग खरा होता. मला फोन करायला हवा होता असे मी म्हणाले. धाकटा म्हणाला, ‘केला असता तर तू परत बोलावलं असतंस.’ मी नाही म्हणू शकले नाही.

दुसरा प्रसंग कुंझुमच्या पलीकडचा आहे. काझा सोडल्यावर खिंड ओलांडून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात उतरेपर्यंत पेट्रोल पंप नाही, गाव म्हणावे असे फारसे काही नाही, आणि बातल ते छत्रू हा रस्ता बराचसा दगडगोट्यांचा असून त्याला नाले आडवे येतात. हे नाले हिमनद्यांवर पोसलेले असतात. रात्री वितळणे थांबते म्हणून सकाळी पाणी घोट्याएवढे असते, ऊन चढत जाते तसे पाणी वाढते आणि दुपारी तेच पाणी माणसाला लोळवू शकते. मुलांनी सकाळीच निघायचे ठरवले होते, पण चाक पंक्चर झाले, ट्यूब दोन ठिकाणी फाटलेली निघाली, आणि नाल्याशी पोहोचेपर्यंत दोन वाजले. पाणी गढूळ होते. त्यांच्यासमोर मोठ्या गाड्यांवरचे दोघे पार गेले. थोरल्याने पहिला गिअर टाकला. धाकटा उतरला आणि आधी चालून पाहतो म्हणाला. तिसऱ्या पावलाला पाणी गुडघ्याच्या वर आले आणि पायाखालचा धोंडा हलला. तो मागे आला, बूट काढून त्यातले पाणी ओतले आणि म्हणाला, ‘दादा, तळ दिसत नाही.’

दोघांचे तिथे भांडण झाले. मनालीची खोली ठरलेली होती, परतीच्या रेल्वेचे आरक्षण होते, काझ्यातले दोन दिवस आधीच गेले होते, आणि समोर दोन माणसे डोळ्यांदेखत पार गेली होती. थोरल्याने मला प्रामाणिकपणे सांगितले की त्याला धाकट्याचा राग आला तो धाकटा बरोबर होता म्हणून. शेवटी त्याने गाडी वळवली. ते बातलच्या ढाब्यावर परतले, तिथल्या जाड रजयांत झोपले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तोच नाला ओलांडला. धाकट्याने सामान डोक्यावर घेऊन पाणी पायी पार केले. पाणी नडगीच्याही खाली होते. परतीची रेल्वे चुकली. नव्या तिकिटांचे पैसे थोरल्याने पुढच्या चार महिन्यांत शिकवण्या घेऊन फेडले, आणि आम्ही ते घेतले.

माझ्या मते मोठेपणाची खूण खिंड ओलांडण्यात नव्हती, ती गाडी वळवण्यात होती. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ‘नको’ म्हणता यावे, आणि ते लहान भावाने म्हटले तर मोठ्याला ऐकता यावे, हे शिकवणारे ठिकाण आपल्या व्यवस्थेत कुठे आहे? घरात ‘नको’ आम्ही म्हणतो, शाळेत शिक्षक म्हणतात, चौकात हवालदार म्हणतो. ‘नको’ नेहमी बाहेरून येत असल्यामुळे मुलाचे सगळे सामर्थ्य त्याला चुकवण्यात खर्च होते. ज्या ठिकाणी अडवणारे कोणीच नाही आणि वाहते पाणी खरे आहे, तिथेच ते त्याच्या स्वतःच्या आतून उगवू शकते. रानाचे, डोंगराचे हे काम दुसरे कोणी करू शकत नाही, असे मला वाटू लागले आहे.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप सर्वांत कठीण आहे: नाल्यात गाडी गेली असती तर? काझ्यात उशीर झाला असता तर? याला माझ्याकडे उत्तर नाही. माझी मुले परत आली म्हणून माझा निर्णय बरोबर ठरतो, असे मानणेही मला मान्य नाही, कारण तितकीच तयारी करून गेलेली काही मुले परत आलेली नाहीत, आणि त्यांच्या आयांनी माझ्यापेक्षा कमी विचार केला होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी एवढेच म्हणू शकते की धोका गिरणीसमोरच्या त्या गाड्यांतही आहे, रोज आहे, आणि तिथे तयारी, नियम, हेल्मेट यांपैकी काहीही नाही. तो धोका आपल्या अंगवळणी पडला आहे म्हणून आपण त्याला धोका म्हणत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो रास्त आहे. माझ्या वर्गात अशी मुले आहेत जी पहाटे पाच वाजता दुधाचे कॅन बांधून डेअरीला जातात आणि मग वर्गात येऊन पेंगतात. त्यांना रस्त्याची ओळख करून घ्यायला स्पितीची गरज नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: ते मोठ्यांचे काम करतात आणि त्यांना मोठ्यांचे शिक्षण मिळत नाही. म्हणूनच हा विषय हौशी पालकांवर सोडून चालणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयांत दुचाकीची दुरुस्ती आणि सुरक्षित चालवणे हा रीतसर विषय असावा. सोळाव्या वर्षासाठी कमी वेगाच्या, आजच्या बाजारात खरोखर मिळणाऱ्या वाहनाचा परवाना असावा. अठराव्या वर्षी मिळणारा परवाना लहान गाडीपुरता असावा आणि मोठ्या गाडीसाठी दोन वर्षे थांबावे लागावे. प्रवासही हिमालयातच व्हायला हवा असे नाही. माण-खटावच्या माळावरून, कोयनेच्या काठाने, आंबोलीच्या घाटातून चार दिवसांचा प्रवास, रात्री अनोळखी गावात मुक्काम, आणि बिघाड झाला तर स्वतःच्या हाताने दुरुस्ती, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

स्पितीतल्या लोकांचाही एक आक्षेप आहे, आणि तो आपण कमी ऐकतो. सायलेन्सर बदलून गावातून फटफटत जाणारे तांडे, पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात नळ वाहते ठेवणारे पाहुणे, बाटल्यांचा ढीग, हे सगळे तिथे पोहोचले आहे. जो मुलगा दुसऱ्याच्या दारात स्वतःचे शौर्य दाखवायला जातो, तो चार हजार मीटर चढूनही गिरणीसमोरच उभा असतो.

आणि मुलींचे काय, असे माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले. तिच्या घरी तिच्या भावाला निदान चोरून गाडी मिळते. तिला चोरूनही मिळत नाही. सोडमुंजीतला काशीचा खेळदेखील तिच्या वाट्याला आला नव्हता. निवृत्ती-ज्ञानदेवांबरोबर अकरा वर्षांची मुक्ता तोच रस्ता चालली होती, हे मी तिला सांगितले. आणि नुसते सांगून भागणार नाही म्हणून मिस्त्रींशी बोलले. आता दर रविवारी माझ्या वर्गातल्या चार मुली त्यांच्याकडे पंक्चर काढायला शिकतात. त्यांच्यापैकी दोघींच्या आया पहिल्या दिवशी बरोबर आल्या होत्या आणि दुकानाच्या पायरीवर बसून होत्या. तिसऱ्या रविवारी एकीने स्वतः पाना हातात घेतला.

धाकट्याला येत्या मार्चमध्ये अठरा वर्षे पूर्ण होतील. कायद्याप्रमाणे तो एप्रिलअखेर वडिलांची गाडी घेऊन कुठेही जाऊ शकेल. थोरल्याने त्याला सांगितले आहे की पहिले वर्ष 100 सीसीच्या जुन्या गाडीवर काढायचे, पावसाळ्यात आणि रात्री आधी थोरल्याला मागे बसवून चालवून दाखवायची, आणि मगच मोठ्या गाडीचा विषय काढायचा. दोन दिवस दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रींकडून एक जुनी, रंग उडालेली गाडी आमच्या दारात आली, आणि रात्री उशिरापर्यंत अंगणातल्या दिव्याखाली धाकटा तिचा कार्ब्युरेटर उघडून बसला होता. थोरला त्याला टॉर्च धरत होता.